न्हाणीघराचा आराखडा आणि शिंदखेड्याचे पाणी

घरातील सामायिक न्हाणीघराचा, म्हणजे लहानांपासून वृद्धांपर्यंत सर्वजण वापरतात त्या स्नानगृह व शौचालय एकत्र असलेल्या खोलीचा आराखडा ठरवताना पहिला विचार करावा लागतो तो पाणी किती, किती दिवसांनी आणि कोणत्या दाबाने येते याचा. शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेला तापी वाहते, सुलवाड्याचे बॅरेज तालुक्यातच आहे. तरीही २०२३च्या खरिपात राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत शिंदखेड्याचा समावेश होता. येथील काळ्या बेसॉल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगा आणि झिजलेल्या थरांपुरतेच साठत असल्याने एका प्लॉटवर लागलेला बोअर शेजारच्या प्लॉटवर कोरडा जातो, आणि जे पाणी लागते तेही बहुधा क्षारयुक्त असते. अशा गावात साठवणीला जागा न ठेवता आखलेले न्हाणीघर कितीही देखणे असले तरी अपुरेच राहते.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने येथील आपल्या घराचे बांधकाम ज्या ठेकेदाराकडे सोपवले, त्याला ही गरज तोंडी व लेखी अशी दोन्ही प्रकारे कळवली होती. खोली आठ फूट बाय सहा फुटांची, म्हणजे ४८ चौरस फूट होती. राष्ट्रीय इमारत संहितेने एकत्र स्नानगृह व शौचालयासाठी किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट क्षेत्र सांगितले आहे, त्यामुळे जागेची अडचण असल्याचे कारण देण्यास कोणताही आधार नव्हता. एका कोपऱ्यात २०० लिटरचे पिंप, त्याच्या शेजारी पाटावर बसून अंघोळ करता येईल अशी तीन बाय चार फुटांची जागा, कमोड खिडकीकडच्या भिंतीला आणि दार बाहेर उघडणारे, असे ते साधे रेखाचित्र होते व त्यावर ठेकेदाराची सही होती. प्रत्यक्षात मैल्याचा चेंबर दाराच्या बाजूला असल्यामुळे नळी वाचवण्यासाठी कमोड दारालगत सरकवण्यात आला, पिंपाच्या जागी बेसिनचा मोठा ओटा आला, आणि दार आत उघडणारे बसवण्यात आले. यांपैकी एकाही बदलाविषयी कुटुंबाला विचारले गेले नाही.

हे सर्व उघड झाले ते कमोड बसवल्यावर. कमोडचे दोन प्रकार असतात: निचरा मागच्या भिंतीत जातो तो पी ट्रॅप आणि जमिनीत उतरतो तो एस ट्रॅप. एस ट्रॅपसाठी जमिनीतील नळीचा मध्य भिंतीपासून ठराविक अंतरावर, या प्रकरणी नऊ इंचांवर, असावा लागतो, आणि हे अंतर प्लास्टर व टाइल्स लागून पूर्ण झालेल्या भिंतीपासून मोजायचे असते. येथे ते कच्च्या विटांपासून मोजले गेले. प्लास्टर आणि टाइल्सनी जवळपास दोन इंच खाल्ले, कमोड भिंतीला अडू लागला म्हणून तो वाकड्या जोडाने पुढे ओढण्यात आला, आणि आत उघडणारे दार अर्ध्यावरच त्याला आदळून थांबले. कुटुंबातील वृद्ध आजींना त्या फटीतून तिरके होऊन आत जावे लागले, तेव्हा ठेकेदार तेथेच उभा होता. ‘‘आप्पा, आजकाल सगळीकडे असंच करतात, सवय होऊन जाईल,’’ एवढेच त्याने लेखकाच्या वडिलांना सांगितले. सहीचा कागद पुढे केल्यावर तो कागद म्हणजे नुसता अंदाज होता, असे त्याचे म्हणणे पडले. आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही, ही गोष्ट बांधकामाच्या व्यवसायात वर्षे काढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागावी, हे त्या अडकलेल्या दारापेक्षाही अधिक क्लेशदायक होते. दार पुढे स्वतंत्र सुताराकडून, स्वतंत्र खर्चाने फिरवून घ्यावे लागले.

म्हणून नवीन घर बांधणाऱ्याने नळ्या जमिनीत गाडण्यापूर्वी मिस्त्रीसमोर जमिनीवर चुन्याने कमोड, बेसिन, पिंप आणि दाराच्या पाखेचा फेरा आखून घ्यावा, आणि प्रत्येक अंतर ‘टाइल्ससह’ असे लिहून घ्यावे. काळ्या मातीच्या प्लॉटवर जोत्यातील भराव मुरमाचा असावा व पाणी मारून थराथराने धुम्मस केलेला असावा, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भराव बसला की त्यातील नळीचे जोड निखळतात. फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे दुर्गंधी अडवण्यासाठी तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार निचऱ्याकडे, फुटाला पाव इंच उतार द्यावा, आणि टाइल्स लावण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून तो पाहून घ्यावा. खानदेशी उन्हाळ्यात वापर नसलेल्या खोलीतील ट्रॅपचे पाणी आटून घरभर वास सुटतो, तेव्हा त्यात अधूनमधून तांब्याभर पाणी टाकत राहणे आवश्यक असते. टाइल्स घसरड्या नसाव्यात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

शॉवरच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. १० मीटर उंचीवरच्या पाण्याने सुमारे १ बार दाब मिळतो, तर एकमजली घराच्या स्लॅबवर चार फुटी स्टँडवर ठेवलेल्या टाकीचे पाणी सात फुटांवरच्या शॉवरपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन मीटरच्या उंचीनेच येते. शिवाय क्षारांनी त्याची छिद्रे हळूहळू बुजतात. त्यापेक्षा बादली सहज सरकेल अशा उंचीचा नळ आणि बसण्याची जागा अधिक उपयोगी ठरते. सौरबंबापासून न्हाणीघरापर्यंतची नळी शक्य तितकी आखूड असावी, कारण आतून पाऊण इंच व्यासाच्या १५ मीटर नळीत सुमारे ४ लिटर पाणी मावते आणि गरम पाणी येण्यापूर्वी ते प्रत्येक वेळी सोडून द्यावे लागते; ते साठवायला शेजारी बादली हवी आणि बादलीला जागा हवी. दर वेळी १० लिटर सोडणारी जुन्या पद्धतीची फ्लशटाकी सहा माणसांनी दिवसाला चार-चार वेळा वापरली तर २४० लिटर पाणी जाते, म्हणजे पिंपाहूनही अधिक. ३ व ६ लिटरची दोन बटणांची टाकी घेण्यास म्हणूनच पर्याय नाही.

पैशाचा शेवटचा हप्ता घराच्या वास्तुशांतीशी जोडू नये. तो पाण्याच्या चाचणीशी आणि नळ्यांच्या नकाशाशी जोडावा. नळ्या उघड्या असताना प्रत्येक भिंतीची छायाचित्रे फूटपट्टी धरून काढून ठेवावीत, कारण नंतर टाइल्सच्या मागे काय आहे हे ठेकेदाराशिवाय कोणालाही सांगता येत नाही, आणि पूर्ण पैसे मिळालेला ठेकेदार फोन उचलत नाही. या घरातील नकाशा वारंवार मागूनही आजतागायत मिळालेला नाही. त्यामुळे कमोडशेजारच्या भिंतीत गरम पाण्याची नळी नेमकी कोठून गेली आहे हे कळत नाही, तेथे ड्रिल मारता येत नाही, आणि आजींसाठी आणलेली आधाराची स्टीलची दांडी अजून बसवता आलेली नाही.