मुफासा उठत का नाही?

‘द लायन किंग’मध्ये उधळलेल्या कळपाच्या पायाखाली सापडून मुफासा मरतो. छोटा सिंबा त्याला ढोसतो, त्याचा कान ओढून उठवायला बघतो, मदतीसाठी हाका मारतो आणि शेवटी बापाच्या निर्जीव पंजाखाली शिरून अंग मुडपून पडून राहतो. १९९४ पासून असंख्य मुलांनी हा प्रसंग पाहिला आहे. पुढचा प्रश्नही ठरलेलाच असतो : “तो उठत का नाही?” अशा वेळी मोठी माणसं पॉपकॉर्न पुढे करतात, नाहीतर “अरे, पिक्चर आहे तो” म्हणून विषय मिटवतात. पण विषय मिटत नाही. रात्री दिवा मालवल्यावर तो पुन्हा निघतो : “बाबा, तुम्हीपण मरणार?”

मुलांचे चित्रपट म्हणजे सगळं गोडगोड, असा अनेक पालकांचा समज असतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१४ साली आलेला एक अभ्यास वेगळंच सांगतो. संशोधकांनी १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट आणि मोठ्यांसाठीचे ९० चित्रपट तपासले. महत्त्वाचं पात्र मरण्याची शक्यता मुलांच्या चित्रपटांत अडीच पट निघाली आणि नायक-नायिकेचे आईवडील मरण्याची पाच पटींहून अधिक. ‘बॅम्बी’ची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते, निमोची आई चित्रपट सुरू होताहोताच जाते, ‘फ्रोझन’मधल्या एल्साचे आईवडील बोटीसकट बुडतात. मुलाने प्रश्न विचारला नाही, तरच नवल.

उत्तर देण्याआधी मूल नेमकं काय विचारतंय, हे ओळखायला हवं. साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना हळूहळू कळू लागतं की मेलेला जीव परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबतं आणि मरण सगळ्यांनाच आहे. त्याहून लहान मुलाला मरण ही तात्पुरती गैरहजेरी वाटते. म्हणून चार वर्षांचं मूल “मेला” हे ऐकून घेतं आणि पाच मिनिटांनी “मग कधी येणार?” असं विचारतं. त्यात हट्ट नसतो. तेच उत्तर, त्याच शांतपणे, दहा वेळा द्यावं लागतं.

“आजोबा झोपलेत”, “गावाला गेलेत” ही उत्तरं मायेपोटी दिली जातात, पण ती मुलाला त्रास देतात. काही मुलं झोपायलाच घाबरू लागतात, तर काही बाबांनी ऑफिसच्या कामासाठी बॅग भरली की रडून घर डोक्यावर घेतात. “आजारी पडले म्हणून मेले” एवढंच सांगितलं, तर साध्या तापानेही मुलाच्या पोटात गोळा येतो. “खूप खूप मोठा आजार होता, आपल्याला होतो तसला सर्दी-ताप नव्हता” एवढी जोड त्याला द्यावीच. घरात देवाघरी जाण्याची श्रद्धा असेल तर ती जरूर सांगावी, पण त्याआधी शरीर बंद पडतं आणि माणूस परत येत नाही, हे स्पष्ट सांगावं.

“तुम्ही मरणार का?” या प्रश्नामागे बहुतेकदा एकच काळजी असते : माझं कोण बघणार? “कधीच नाही” हे खोटं आहे आणि मूल ते कधीतरी पकडतंच. “बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मला खूप वर्षं तुझ्याबरोबर राहायचंय. आणि तुझ्याकडे बघायला आजी आहे, मामा आहे, मावशी आहे,” असं नावं घेऊन सांगावं. नावं ऐकली की मूल निवांत होतं.

सिंबाच्या गोष्टीतला सगळ्यात बोचरा भाग मुफासाच्या मरणानंतर येतो. काका स्कार त्या पिल्लाला पटवून देतो की बाप तुझ्यामुळे मेला. लहान मुलांना असं खरोखर वाटतं. आपण रागावलो, हट्ट केला, म्हणून आजी गेली किंवा आईबाबा वेगळे झाले, असा अर्थ ती मनातल्या मनात लावतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे घरात खरोखर मृत्यू किंवा घटस्फोट झाला असेल, तर मुलाने विचारण्याची वाट न बघता “यात तुझी काहीही चूक नाही” हे त्याला सांगितलंच पाहिजे.

मुलांना मृत्यूबद्दल खरं सांगण्याचं धाडस टीव्हीने पूर्वीच केलं आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकी मालिकेत दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी नवा नट आणला नाही की हूपर गाव सोडून गेल्याचं दाखवलं नाही. बालमानसाच्या जाणकारांशी बोलून त्यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये एक भाग केला. हूपरसाठी काढलेलं चित्र घेऊन आलेल्या बिग बर्ड या पक्ष्याला मोठी माणसं सांगतात की ते मेले आणि परत येणार नाहीत. सांगताना त्यांचेही डोळे भरून येतात. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं : मुलासमोर रडू आलं तरी चालतं, फक्त का रडतोय ते सांगावं.

आपल्याकडे ‘श्वास’ने २००४ मध्ये याहून अवघड प्रसंग पडद्यावर आणला. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी जाणार आहे, हे छोट्या परशुरामला सांगायचं कसं, या पेचात आजोबा आणि डॉक्टर दोघंही सापडतात. रुग्णालयात इंजेक्शन किंवा ऑपरेशनसाठी आणलेल्या मुलाला “काही होणार नाही, फक्त फिरायला जातोय” असं सांगणाऱ्या पालकांनी हा चित्रपट पुन्हा बघावा.

मुलं जन्माबद्दलही विचारतात; ते प्रश्न त्या मानाने सोपे असतात. “आईच्या पोटात गर्भाशय नावाची जागा असते, तिथे बाळ वाढतं” हे चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. पुढचं त्याने विचारलं तर सांगावं. शरीराच्या अवयवांची खरी नावं मात्र लवकर शिकवावीत. म्हणजे कुणी नको तिथे हात लावला, तर मुलाला ते नीट सांगता येतं.

चित्रपट निवडताना प्रमाणपत्र बघावं. आता यूए गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे वेगळे टप्पे आहेत. आणि चित्रपट पाहिल्यावर दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल दचकून उठत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करत असेल, शाळेच्या वेळी रोज पोट दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. “मला मरायचंय” असं मूल एकदा जरी म्हणालं, तरी त्याच दिवशी दाखवावं. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि चोवीस तास सुरू असतो.