सॅक घेताना कमरेला विचारा

शनिवारी रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये ट्रेकला निघालेल्या पोरांच्या सॅका न्याहाळायची मला सवय आहे. गेल्या काही वर्षांत एक बदल नजरेत भरतो. काळ्या, खाकी, शेवाळी रंगाच्या, बाहेरच्या अंगाने आडव्या पट्ट्याच पट्ट्या शिवलेल्या, लष्करी थाटाच्या सॅका फार दिसू लागल्यात. दुकानदार त्यांना टॅक्टिकल बॅग म्हणतात. दिसायला दणकट, आणि खरोखरही दणकट. पण अशी भरलेली सॅक घेऊन कुणी लांबच्या घाटवाटेला निघालेला दिसला, की ओळख असो-नसो, मी त्याला विचारतोच, "कमरेचा पट्टा आहे का रे हिला?"

विचारण्याला कारण आहे. माझा भाचा पंचविशीतला, रोज तालमीत जाणारा. एका डिसेंबरात आम्ही चौघे मोहरीहून बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याच्या खिंडीत उतरून खाली पाने गावात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूर नाळेने वर यायचं, असा बेत करून निघालो होतो. त्याच्या पाठीवर चाळीस लिटरची टॅक्टिकल सॅक होती. दोर, शिधा, स्लीपिंग बॅग, चार लिटर पाणी. सगळं मिळून बारा किलो तरी असेल. पठारावर गडी मजेत चालत होता. नाळेत मात्र घरंगळून आलेल्या धोंड्यांवरून उतरावं लागतं, पावलोपावली हात टेकावे लागतात. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि म्हणाला, "मामा, उजव्या हाताची बोटं सुन्न झालीत. दगड धरलाय की नाही, तेच कळत नाहीये."

नाळेत हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिथे पकड सुटणं म्हणजे खालच्या धोंड्यावर आदळणं. त्याला एका रुंद दगडावर बसवलं, सॅक उतरवली, सामान वाटून घेतलं आणि त्याची सॅक मी पाठीवर घेतली. थोड्याच वेळात कळलं की सगळा भार दोन खांद्यांच्या पट्ट्यांवर लोंबतोय. कमरेला होता तो नुसता दोन बोटं रुंदीचा नायलॉनचा पट्टा. तो सॅक हलू न देण्यापुरता. वजन पेलण्याशी त्याचा संबंध नाही. भाच्याच्या हाताला मुंग्या रात्रीपर्यंत येत राहिल्या.

परतल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं. मानेतून निघून गळपट्टीच्या हाडाखालून हातात जाणारा नसांचा एक जुडगा असतो. खांद्याचे पट्टे त्यावर बराच वेळ दाबून बसले की हात सुन्न पडतो, जोर कमी होतो. वैद्यकात याला रकसॅक पाल्सी असंच नाव आहे. सैनिक आणि गिर्यारोहक यांच्यात हा त्रास पूर्वीपासून माहीत आहे. बहुतेकांचा ओझं उतरवल्यावर बरा होतो, पण दाब जास्त असेल तर हातातली ताकद परत यायला आठवडे, महिनेही लागू शकतात. म्हणून वाटेत बोटांना मुंग्या आल्या तर "होईल बरं" म्हणून पुढे रेटू नका. सॅक तिथेच उतरवा.

आता प्रश्न असा, की सैनिकांसाठी बेतलेल्या सॅकेला वजन पेलणारा कमरपट्टा का नसावा? मी या गोष्टीच्या मागे लागलो तेव्हा उत्तर साधं निघालं. सैन्याच्या लांब पल्ल्याच्या मोठ्या रकसॅकला चौकटही असते आणि जाड कमरपट्टाही असतो. बाजारात टॅक्टिकल म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सॅका मात्र तिच्या धाकट्या बहिणीवर, दोन-तीन दिवसांच्या असॉल्ट पॅकवर बेतलेल्या आहेत. ती घालणाऱ्या जवानाच्या अंगात चिलखत असतं, कमरेला काडतुसांचे कप्पे आणि पाण्याची बाटली अडकवलेली असते. सॅकेने कमरेपर्यंत यायचंच नाही, हीच तिथली गरज. म्हणून तिची पाठ आखूड. आपल्याकडे सर्वसाधारण उंचीच्या माणसानेही ती घातली, तर तिचा खालचा काठ कमरेच्या बराच वर राहतो. मग तिला वरून कितीही चांगला पट्टा जोडा, तो पोटावर बसणार, कमरेच्या हाडावर नाही.

बाहेरच्या त्या आडव्या पट्ट्यांचंही तसंच. अमेरिकी सैन्याने १९९०च्या दशकाच्या अखेरीस मॉली नावाची पद्धत आणली. एक इंच रुंदीच्या पट्ट्या, मध्ये एक इंच जागा, आणि दर दीड इंचावर टाका. त्यात हवा तो कप्पा ओवून पक्का बसवता येतो. कल्पना फार हुशारीची आहे. पण सह्याद्रीत वाट म्हणजे पुष्कळदा कारवीच्या रानातून काढलेली फट असते, नाहीतर करवंदीच्या जाळीखालचं भगदाड. तिथे या प्रत्येक पट्टीत काटकी अडकते. माणूस पुढे आणि सॅक मागे, अशी ओढाताण दिवसभर चालते. कप्पे ओवून सॅक फुगवली असेल तर आणखी वाईट. हरिहरच्या पायऱ्यांवर, अलंगच्या कातळटप्प्यावर बाजूला आलेला कप्पा खडकाला घासून तोल घालवतो. सॅकेबाहेर काहीही लोंबता कामा नये, हा नियम कुठल्याही सॅकेला लागू आहे. मग्गा, चपला, चटई, सगळं आत.

कमरेचा पट्टा ही गोष्ट डोंगर चालणाऱ्यांच्या जगातही आयती आलेली नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमची चौकट आणि कमरपट्टा असलेल्या सॅका विकायला सुरुवात केली. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट सॅकेच्या आत नेली, त्यामुळे ओझं पाठीला चिकटून राहू लागलं आणि खडकावर चढणाऱ्यांची सोय झाली. आज दुकानात मिळणाऱ्या तीस-चाळीस लिटरच्या आऊटडोअर सॅकमध्ये हे दोन्ही गुण असतात. भार चौकटीतून खाली कमरेच्या हाडांवर उतरतो, तिथून पायांवर. पायांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे. वजन त्यांनीच वाहावं. खांद्यांनी सॅक मागे पडू द्यायची नाही, एवढंच काम करावं.

कापडाबद्दलही बोललं पाहिजे, कारण दुकानात सगळा भर त्यावरच असतो. एक हजार डेनियर, पाचशे डेनियर असं सांगतात. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. जाड कापड फाटायला कठीण हे खरं, पण ते वजनदार असतं आणि पावसात एकदा भिजलं की लवकर वाळत नाही. बऱ्याच टॅक्टिकल सॅका रिकाम्याच दीड-दोन किलोच्या भरतात. तेवढ्याच मापाची आऊटडोअर सॅक किलोच्या आसपास मिळू शकते. वाचलेल्या वजनात अर्धा ते एक लिटर पाणी बसतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीत तेवढ्या पाण्याला किती मोल असतं हे उन्हाळ्यात फिरलेल्यांना सांगायला नको.

पावसाळ्यात दोन्ही प्रकारच्या सॅका भिजतातच. "वॉटरप्रूफ" ही चिठ्ठी कापडापुरती असते. पाणी शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. रेनकव्हरवरही फार विसंबू नका. धारेवरच्या वाऱ्यात ते फुगून उडतं, आणि पाठीकडून ओघळणारं पाणी त्याच्या तळाशी साचतं. मी सॅकेच्या आत आधी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालतो, सामान त्यात, तोंड पिळून दुमडून बंद. कपडे आणि टॉर्च कोरडी राहिली तर बाकीच्याचं निभावतं. टॅक्टिकल सॅकेवर जागोजागी वेल्क्रो असतं, ते लाल चिखलात एकदा माखलं की चिकटायचंच थांबतं. तिची चेन तिन्ही बाजूंनी उघडते, म्हणजे आतलं काढायचं तर सॅक चिखलात आडवी टाकावी लागते. वरून दोरीने आवळायची आऊटडोअर सॅक भर पावसात उभ्याउभ्या उघडता येते.

इतकं ऐकून कुणाला वाटेल, मी टॅक्टिकल सॅकेच्या विरुद्ध आहे. तसं मुळीच नाही. रोजच्या कामाला मी तीच वापरतो आणि तिच्याइतकी सोयीची वस्तू मला मिळालेली नाही. लॅपटॉप, डबा, छत्री, चार्जर, कागदपत्रं, प्रत्येकाला आपली जागा. तिन्ही बाजूंनी उघडणारी चेन इथे वरदान ठरते. ऑफिसच्या टेबलावर सॅक उघडली की सगळं समोर. लोकलच्या गर्दीत ती छातीवर घ्यावी लागते, वरच्या रॅकवर फेकावी लागते, जमिनीवर टेकवावी लागते. हे हाल जाड कापड वर्षानुवर्षं सोसतं. शहरात आपण सॅक घेऊन सलग चालतो ते स्टेशनपासून ऑफिसपर्यंत, पाच-सहा किलो वजन घेऊन. तेवढ्याला खांदे पुरतात. साईटवर काम करणारे, सर्व्हेला जाणारे, औजारं बाळगणारे यांनी तर बिनदिक्कत घ्यावी. वीस-पंचवीस लिटर भरपूर झाले. मोठी घेतली की माणूस ती भरतो.

उलट आऊटडोअर सॅक शहरात अडचण करते. तिचे लोंबते पट्टे लोकलच्या दारात दुसऱ्याच्या बॅगेत अडकतात, लॅपटॉपला पुष्कळदा वेगळी जागा नसते, तळाशी गेलेला डबा काढायला सगळं उपसावं लागतं. डोंगरातही ती अगदी निर्दोष नाही. बाहेरचे जाळीचे ताणले जाणारे कप्पे करवंदीच्या काट्यांनी पहिल्याच मोसमात फाटतात. आणि पाठीला जाळी ताणून मध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या सॅका दुकानात फार आकर्षक वाटतात, घामही खरोखर कमी येतो. पण त्यात ओझं पाठीपासून दूर जातं. मळलेल्या पायवाटेला ठीक, कातळटप्पा असेल तर मला ती नको वाटते.

विकत घेताना काय करावं ते सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळं ठरतं. आधी पाठ मोजा, उंची नाही. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड उठून दिसतं. तिथून टेप लावा. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथवरचं अंतर म्हणजे तुमच्या पाठीचं माप. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि पाच फुटी मुलीची लांब. चांगल्या सॅकेला हे माप कमी-जास्त करता येतं किंवा ती दोन मापांत मिळते. मुलींनी तर हे न चुकता बघावं, कारण पुरुषी मापाच्या सॅकेचे खांदे त्यांना फार रुंद पडतात.

मग दुकानात सात-आठ किलो वजन आत भरून मागा. दुकानदार कुरकुरला तर घरून पाण्याच्या बाटल्या भरून न्या. आधी सगळे पट्टे ढिले करा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर बसवून आवळा. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढा, मग खांद्यावरून मागे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघा. ती सहज सरकली तर भार कमरेवर आहे. दहा मिनिटं जिना चढा-उतरा. खांदा तेवढ्यातच बोलू लागला, तर ती सॅक कितीही देखणी असो, परत ठेवा. भरताना जड वस्तू पाठीला लागून, पाठीच्या मध्यावर. स्लीपिंग बॅग तळाशी.

एकच सॅक घेण्याइतके पैसे असतील, आणि कॉलेजच्या मुलांचं बहुधा तसंच असतं, तर पंचवीस ते तीस लिटरची साधी आऊटडोअर सॅक घ्या. खरा रुंद कमरपट्टा हवा, तो काढता येणारा असला तर उत्तम, आणि लॅपटॉपला आत एक कप्पा हवा. आठवडाभर कॉलेज, रविवारी राजगड, दोन्ही जमतं.

रंगाचं थोडं. लष्करी ठिपक्यांची सॅक घेऊ नका. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर सैन्याने नागरिकांना लष्करी पोशाखासारखे कपडे घालू नका आणि दुकानदारांना ते विकू नका असं आवाहन केलं होतं, आणि सीमेजवळच्या भागात अशा वस्तूंवरून चौकशी होऊ शकते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लपण्यासाठी बेतलेला रंग धुक्यात, नाळेत, झाडीत लपतोच. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री हरवलेल्यांना शोधायला डोंगरात उतरतात. त्यांच्या टॉर्चच्या झोतात केशरी सॅक दिसते, शेवाळी दिसत नाही. सॅक काळी असेल तर रेनकव्हर तरी भडक केशरी किंवा पिवळं घ्या आणि कोरड्या दिवसांतही बरोबर ठेवा.

पावसाळा संपला की सॅक साध्या पाण्याने हाताने धुवा, वॉशिंग मशिनमध्ये टाकू नका, सावलीत उलटी टांगून पूर्ण वाळवा. ओलसर कोंदट कपाटात आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो. मग कापड धडधाकट असूनही पाणी थोपवत नाही. ट्रेकला निघताना जाड सुई, मेणाचा दोरा आणि कमरपट्ट्याच्या मापाचं एक जादा बकल सोबत असू द्या. पट्ट्याचं मूळ बकल सॅकेवर पाय पडून हमखास तुटतं. टाके न उसवता बसवता येणारं, एका बाजूला फट असलेलं बकल मिळतं, तेच मागून घ्या.