प्रवेशानंतरची सोबत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु प्रवेश मिळालेला विद्यार्थी पुष्कळदा खचतो तो एकटेपणाने. व्याख्यानाची परकी भाषा किंवा पायऱ्यांपाशी अडलेली चाकांची खुर्ची त्यास पुरेशी ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत व एका पंक्तीत जेवत. तो आधार फार मोलाचा होता. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक अथवा तत्सम जाणकार असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. मात्र त्याच्या दारी विद्यार्थी आपण होऊन क्वचितच जातो. त्याची गैरहजेरी प्रथम ध्यानी येते ती प्राध्यापकाच्या व वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या.