तिसऱ्यांदा नीट देण्याआधी माशांच्या खाद्याकडे बघा

नीटचा निकाल लागला की पालक एकच प्रश्न घेऊन येतात : "अजून एक ड्रॉप घ्यावा का?" विचारतात आई-बाबा, मूल बाजूला बसून मोबाइलच्या कव्हरशी चाळा करत असतं. उज्जैनच्या देवास गेटहून रोज इंदूरची बस धरून भंवरकुआँच्या कोचिंगला गेलेलं, नाहीतर कोट्याला ठेवलेलं. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभर मिळून लाखाच्या थोड्या वर. दुसऱ्या खेपेलाही गुण जागचे हलले नसतील, तर तिसरा प्रयत्न मुलासाठी कमी आणि चारचौघांत सांगण्यासाठी जास्त असतो. राग आला तरी चालेल, पण एकदा मुलाला एकट्याला बसवून विचारा.

बीडीएस, आयुर्वेद, फार्मसी, नर्सिंग हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. त्यांवर शब्द खर्च करत नाही. मला बोलायचंय मत्स्यविज्ञानाबद्दल, आणि त्यातही माशांच्या खाद्याबद्दल.

"अहो, आपल्यात मासे कुणी खात नाही!" उज्जैनच्या मराठी घरांतून ही हरकत ठरलेली. खायला सांगतंय कोण? २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्या मासळीच्या पुढे गेलं. पाळलेल्या माशाला रोज खायला घालावं लागतं आणि मत्स्यपालनाचा साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च तिथेच होतो. खाद्यातलं प्रथिन मुख्यतः दोन ठिकाणांहून येतं. एक फिशमील, म्हणजे तारली, अँकोव्हीसारखी छोटी मासळी शिजवून, वाळवून केलेली पूड. तीत ६० ते ७० टक्के प्रथिन असतं, पण तळ्यातले मासे पोसायला समुद्र उपसावा लागतो. दुसरी सोयाबीनची पेंड, प्रथिन ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि ती तर आपल्या माळव्याच्या शेतातली. म्हणजे मत्स्यखाद्याशी आपला संबंध आधीपासून आहे, फक्त लक्षात आलेला नाही.

तिसरा पर्याय आहे सूक्ष्म शैवाल. स्पिरुलिनाच्या कोरड्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिन असतं. (काटेकोर शास्त्रात तो नील-हरित जीवाणू, पण बाजारात आणि धंद्यात त्याला शैवालच म्हणतात.) बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं खारं, अल्कधर्मी पाणी एरवी हिरवं दिसतं, त्यात या गटातल्या जीवांचा मोठा वाटा आहे. शैवालाला सुपीक जमीन लागत नाही. टाकी, ऊन, क्षार आणि ढवळणं मिळालं की ते झपाट्याने वाढतं.

मग सगळेच का वापरत नाहीत? कारण ते महाग पडतं. पातळ हिरव्या पाण्यातून शैवाल गाळून काढणं आणि वाळवणं यातच पैसा जातो. क्लोरेला या दुसऱ्या सूक्ष्म शैवालाची पेशीभित्तिका इतकी चिवट, की ती फोडल्याशिवाय माशाला नीट पचत नाही. त्यामुळे आज शैवाल जातं ते भाव परवडतो तिथे : कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांसाठी जिवंत कीटोसेरॉस, शोभेच्या माशांचा रंग खुलवायला स्पिरुलिना, सॅल्मनच्या खाद्यात शिझोकायट्रियमपासून काढलेलं ओमेगा-३ तेल. सोयाबीनच्या पेंडीशी भावात टक्कर द्यायला त्याला बराच पल्ला गाठायचा आहे. तो पल्ला कमी करायला जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि थोडं यंत्रांचं ज्ञान एकत्र असलेली माणसं लागतात. तुमच्या मुलाने दोन वर्षं घोकलेलं बायोलॉजी इथे वाया जाणार नाही.

आणि हो, "घरी स्पिरुलिना पिकवा, माल आम्हीच घेऊ" असं सांगून प्रशिक्षणाचे हजारो रुपये मागणारा कुणी भेटला, तर घेणाऱ्या कारखान्याचा लेखी करार दाखवायला सांगा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच आटोपतं.

रस्ता असा. बारावी पीसीबी, मग चार वर्षांचं बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी : जबलपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय, महाराष्ट्रात नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळचं शिरगाव. कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआरच्या कोट्यातून सीयूईटीच्या गुणांवर भरतात, म्हणून तो फॉर्म चुकवू नका. "आधी इथेच बीएससी झूलॉजी करू, मग वळू" हा हिशोब बहुधा फसतो, कारण एमएफएससीला बहुतेक ठिकाणी बीएफएससीच मागतात. पुढे मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, १९६१ पासूनची संस्था, आता अभिमत विद्यापीठ. तिथे मत्स्यपोषण आणि खाद्य तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय आहे.

सुरुवातीचा पगार डॉक्टरसारखा नसतो. पहिली नोकरी आंध्रच्या किनाऱ्यावरच्या हॅचरीत, खाद्याच्या कारखान्यात किंवा राज्याच्या मत्स्य विभागात लागेल आणि कपड्यांना वास येईल. लग्नाच्या बाजारात काय सांगायचं, ही तुमची चिंता मुलाच्या फॉर्ममध्ये घुसवू नका.

पावसाळ्यात, कार्पचं बीज तयार होतं त्या दिवसांत, जवळच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रावर मुलाला एक दिवस पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका. संध्याकाळी परतल्यावर तो टाक्यांबद्दल बोलायला लागला, तर फॉर्म भरा. नाकाला रुमाल लावून झोपायला गेला, तर हा लेख विसरा. पण म्हणून तिसऱ्या प्रयत्नाची फीही भरू नका.