झिजलेली चकती आणि उरलेला डिंक

सुतारकामांतील जीं कामें कोणी कौतुकानें पाहत नाहीं, त्यांपैकीं एकाविषयीं येथें लिहावयाचें आहे. लांकूड गुळगुळीत करण्याच्या यंत्रास सँडर म्हणतात. त्याच्या फिरत्या तबकडीवर पॉलिश-कागदाची वाटोळी चकती चिकटविलेली असते. चकतीच्या पाठीस डिंक अगोदरच लावलेला येतो. त्यावरील मेणकट कागद सोलून ती तबकडीवर दाबून बसविली कीं काम सुरू करतां येतें. काम करतां करतां चकतीवरील धारदार कण झिजतात, त्यांच्या फटींत भुसा व लांकडाची राळ भरते, आणि मग ती काढून दुसरी लावावी लागते. येथेंच घाई आड येते. कोणी नखांनीं खरवडतो, कोणी पटाशी घेऊन तबकडीवर चालवितो, आणि कोणी तर जुन्या डिंकाच्या गांठींवरच नवी चकती दाबून मोकळा होतो. या तिन्ही गोष्टी कां करूं नयेत, हें कळण्यास डिंकाचा स्वभाव थोडा जाणला पाहिजे. आणि तो स्वभाव मोठा मौजेचा आहे.

परंतु मौजेपूर्वीं धोक्याचा हिशेब करूं. तबकडीचा व्यास ३०० मिलिमीटर आहे आणि ती मिनिटास १४४० फेरे घेते असें समजा. परीघ सुमारें ९४२ मिलिमीटर झाला. सेकंदास फेरे २४. म्हणजे चकतीची कड सेकंदास सुमारें २२.६ मीटर, किंवा तासास ८१ किलोमीटर, या वेगानें धांवत असते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. आतां चकतीखालीं जुन्या डिंकाची एखादी गांठ राहून गेली, तर तेवढा भाग वर उचललेला राहतो आणि लांकडावर सेकंदास २४ वेळां आपटतो. त्या ठिकाणीं लांकूड काळवंडतें, कागद तेथेंच प्रथम विरतो. आणि गांठ कडेला असेल तर कड सुटून लांकडाच्या कोपऱ्यांत अडकते व टराटर फाटते. फाटलेला तुकडा कोणत्या दिशेनें जाईल हें कोणी सांगावें? जवळ उभा असलेला मुलगा बहुधा वांकून, डोळे यंत्राजवळ नेऊनच पाहत असतो. तबकडी स्वच्छ करणें हें केवळ टापटिपीचें काम नव्हे, तें एवढ्यासाठीं.

आतां डिंकाकडे वळूं. आपल्या परिचयाची खळ किंवा सुतारांचा सरस हे ओले असतांना लावावयाचे व सुकले म्हणजे धरावयाचे पदार्थ आहेत. सरस तर जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून काढतात. तो ऊन करून लावतात आणि निवून वाळल्यावर तो कांचेसारखा कठीण होतो. चकतीवरील डिंक याच्या अगदीं उलट आहे. तो कधींच सुकत नाहीं व सुकण्याची अपेक्षाही नाहीं. रबरासारख्या पदार्थाचे लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतलेले, आणि त्यांत चिकटपणासाठीं राळेसारखा पदार्थ मिसळलेला, अशी त्याची साधारण रचना असते. नुसत्या दाबानें तो तबकडीच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खांचाखळग्यांत शिरतो आणि तेथें पकड घेतो.

म्हणजे या एकाच पदार्थाकडून दोन परस्परविरुद्ध कामें करवून घेतलेलीं आहेत. चिकटतांना त्यानें द्रवासारखें वाहावें, आणि धरून ठेवतांना घनासारखें अडून बसावें. हें त्यास कसें साधतें? उत्तर वेळेंत आहे. त्यास झटका दिला तर गुंतलेल्या रेणूंना सरकावयास अवधि मिळत नाहीं, आणि तो ताठ होऊन विरोध करितो. हळू ओढलें तर तेच रेणू एकमेकांवरून सरकतात आणि पकड सोडतात. घरीं एक प्रयोग करून पाहा. जुन्या वर्तमानपत्रावर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन तुकडे सारख्याच दाबानें चिकटवा. एक तुकडा फाड्‌दिशी ओढा, व दुसरा गोगलगाईच्या चालीनें सोला. पहिल्याबरोबर कागदाची साल उपटून येते. दुसरा पुष्कळ वेळां कागद शाबूत ठेवून निघतो. पट्टी तीच, डिंक तोच. फरक हाताच्या गतीचा.

या चिकटपट्टीचा आणि पॉलिश-कागदाचा संबंध योगायोगाचा नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी, जी पुढें थ्री-एम या नांवानें प्रसिद्ध झाली, १९०२ सालीं स्थापन झाली व आरंभींच्या काळांत पॉलिश-कागद करीत असे. १९२१ सालीं तिनें पाण्यांत भिजवून वापरतां येईल असा कागद बाजारांत आणला. तो कागद मोटारी रंगविणाऱ्या कारखान्यांत दाखविण्यास रिचर्ड ड्र्यू नांवाचा तरुण नोकर गेला असतां, मोटारीस दोन रंग देणारे कारागीर त्यास हैराण झालेले दिसले. एक रंग झांकण्यासाठीं चिकटविलेला कागद काढतांना खालचा ओला-सुका रंगही उपटून येई. ‘धरील परंतु सोडील’ असा डिंक पाहिजे, हें ड्र्यूनें ओळखलें आणि १९२५ सालीं रंगाऱ्यांची चिकटपट्टी तयार केली. पारदर्शक पट्टी त्यानेंच १९३० सालीं आणली. तेव्हां आपल्या तबकडीवर जो प्रश्न उभा राहतो, तोच त्या कारखान्यांतही उभा होता.

प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वीं यंत्राची विजेची जोडणी काढून ठेवावी. बटण बंद करणें पुरेसें नाहीं. काम करतांना कोपर बटणास लागतेंच. नंतर चकतीस ऊब द्यावी. केस वाळविण्याचें यंत्र चार बोटें अंतरावर धरून सर्व चकतीवर सावकाश फिरवावें. तबकडी जाड लोखंडाची असेल तर ती ऊब पिऊन टाकते, म्हणून तेथें अधिक वेळ लागतो. हात ठेवला असतां सोसवेल इतकीच ऊब पुरे. अधिक तापविल्यास फायद्याऐवजीं तोटा होतो, कारण फार मऊ झालेला डिंक आंतूनच दुभंगतो. अर्धा कागदाबरोबर जातो व अर्धा तबकडीवर तारा सोडीत राहतो. खरें पाहतां सर्वांत सोपा मार्ग असा कीं, चकती झिजली आहे असें दिसतांच, यंत्र थांबवून व जोडणी काढून, ती लगेच सोलावी. घर्षणानें ती त्या वेळीं आपोआपच उबदार असते. झिजलेली चकती तशीच ठेवून सुटीवर जाणारे लोक पुढच्या सत्रासाठीं शिक्षा राखून ठेवतात. महिनोन्‌महिने दाबून राहिलेला डिंक अधिकाधिक खोल शिरतो, आणि हवेनें व उन्हाळ्याच्या तापानें जुना होऊन कोठें खडबडीत तर कोठें लिबलिबीत होतो.

कड बोथट लांकडी पट्टीनें उचलावी आणि कागद सरळ बाहेर न ओढतां, त्याच्याच पाठीवर मागें दुमडून, तबकडीशीं जवळजवळ समांतर ओढावा. यांतही गणित आहे. काटकोनांत ओढलें असतां एक बोट कागद सुटला म्हणजे आपला हात ओढण्याच्या दिशेनें एकच बोट पुढें येतो. मागें दुमडून ओढलें असतां तितकाच कागद सुटतांना हात दोन बोटें सरकतो. सोडविण्याचें काम दोन्ही वेळां सारखें मानलें, तर दुसऱ्या रीतीनें बळ निम्मेंच लागतें. बळ कमी म्हणून कागद फाटण्याचा संभवही कमी. कापडी पाठीची चकती अशी सहज वळते. जाड कागदाची ताठ चकती मात्र फार दुमडल्यास मोडते, तेव्हां तिला जितकें वळेल तितकेंच वळवावें आणि हात हळू ठेवावा.

एवढें करूनही डिंकाचे ठिपके राहतातच. त्यांवर लगेच द्रव ओतण्याची गरज नसते. प्रथम अंगठ्यानें ते एका दिशेनें चोळावे. पुष्कळसा डिंक वळ्या होऊन निघतो. पट्टे व चकत्या साफ करण्यासाठीं कच्च्या रबराची वडी विकत मिळते, ती या कामीं फार उपयोगी पडते. ताज्या चिकटपट्टीचा तुकडा ठिपक्यावर दाबून झटकन्‌ उचलणें हाही एक चांगला उपाय. डिंकास लोखंडापेक्षां डिंक अधिक प्रिय असतो. येथें मात्र झटका चालतो, हें लक्षांत आलें असेलच, कारण येथें डिंकास तबकडीवरून ताठपणीं सोडवावयाचें असतें, कागद वांचवावयाचा नसतो.

जें उरेल त्यासाठीं द्रव. पाण्यानें हा डिंक विरघळत नाहीं. रबराच्या जातीच्या पदार्थास तेलाच्या जातीचा द्रव लागतो. रंगाच्या दुकानांत मिळणारें मिनरल टर्पेंटाइन सर्वांत सोयीचें, कारण तें हळू उडतें आणि डिंकास भिजावयास वेळ देतें. तें तबकडीवर ओतूं नये, तेथून तें यंत्राच्या आंत उतरतें. फडकें भिजवून ठिपक्यांवर दहा-पंधरा मिनिटें दाबून ठेवावें, मग लांकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनें सारावें. पोलादी पत्ती ॲल्युमिनियमच्या तबकडीस ओरखडे पाडते, व ओरखड्यांत पुढचा डिंक आणखी घट्ट बसतो. पुष्कळ घरांतून बरणीवरची चिठ्ठी काढण्यास खोबरेल तेल लावतात; तेंही डिंक मऊ करितें, परंतु मागें तेलकटपणा ठेवतें, म्हणून येथें तें शेवटचा पर्याय समजावें.

ॲसिटोन वेगानें काम करितें आणि तितक्याच वेगानें उडून जातें. शिवाय तें अनेक जातींचें प्लॅस्टिक व रंग विरघळवितें. पेट्रोल तर कधींही वापरूं नये. शून्याखालीं सुमारें ४० अंश इतक्या थंडींतही त्याची वाफ ठिणगीनें पेट घेऊं शकते. ती वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीवरून पसरत जाते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोंचते. पालकांनीं हें घरीं अवश्य सांगावें, कारण दुचाकीच्या टांकीतून चमचाभर पेट्रोल काढणें मुलांस फार सोपें वाटतें. ऊब आणि द्रव ही जोडीही एकत्र येऊं देऊं नये. तापविण्याचें काम पुरें होऊन तबकडी निवली म्हणजेच बाटलीचें झांकण उघडावें, तेंही खिडक्या उघड्या ठेवून. भिजलेलीं फडकीं गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. बाहेर मोकळ्या हवेंत पसरून वाळूं द्यावीं.

हातांत धरावयाच्या लहान यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्याची गादी फोमाची असून ती स्वतःच डिंकानें चिकटविलेली असते. तिच्यावर द्रव घातला तर आपला नको असलेला डिंक जाण्यापूर्वीं कारखान्याचा हवा असलेला डिंक सुटतो, आणि फोम फुगून चुरा होतो. तेथें किंचित्‌ ऊब, अंगठा आणि रबराची वडी एवढ्यावरच भागवावें. आजकाल अशा बहुतेक यंत्रांस आंकड्यांनीं अडकणाऱ्या चकत्या येतात व हा प्रश्नच राहत नाहीं. परंतु मोठ्या तबकडीवर सपाटपणा नेमका राहावा म्हणून डिंकाची चकती अजून पुष्कळ ठिकाणीं पसंत करितात.

टर्पेंटाइननें पुसलेली तबकडी हातास स्वच्छ लागली तरी तिच्यावर तेलकट पापुद्रा असतो. दुकानांतील स्पिरिट स्वच्छ फडक्यावर घेऊन तो काढावा व तबकडी पूर्ण वाळूं द्यावी. भुसा राहिला तर डिंक भुशास चिकटतो, तबकडीस नव्हे. नवी चकती एका कडेपासून टेकवीत नेऊन तळहातानें सर्वत्र नीट दाबावी, आणि प्रथम यंत्र सुरू करतांना समोर न उभें राहतां बाजूस उभें राहून मिनिटभर रिकामें फिरवावें.

काढलेली चकती फेंकूं नये. कडेचा भाग जोरानें धांवतो म्हणून तोच झिजतो. मध्यबिंदूजवळ वेग जवळजवळ शून्य असल्यामुळें तेथील कण बहुधा कोरेच असतात. मधला भाग कात्रीनें कापून त्याच्या पट्ट्या कराव्या. पाठीवर डिंक शिल्लक असेल तर त्या लांकडी पट्टीस तशाच चिकटतात, आणि खिडकीच्या चौकटीच्या खांचा घासण्यास चांगल्या उपयोगीं पडतात.