बुरशीची चरबी आणि उसातली साखर



म्यूकर जातीच्या काही बुरशी अंगात तेल साठवतात. इंग्लंडमध्ये 1985 ते 1990 या काळात असे तेल विकलेही गेले.

साखर भरपूर असताना नत्र संपले, की बुरशीची वाढ मंदावते आणि उरल्या साखरेची चरबी होते. हे काम विकरे, म्हणजे एन्झाइम करतात. चरबीची पहिली पायरी चढवणाऱ्या विकराला बायोटिन हे जीवनसत्त्व लागतेच. आपल्या मळीत ते चांगले असते.

उसाची रीत निराळी, पण नत्राचा हिशोब तोच. उशिरा नत्र मिळाले की ऊस नुसता हिरवा वाढतो, साखर भरत नाही. म्हणून मोठ्या बांधणीनंतर युरिया टाकू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. उतारा घटला तर भावाला फटका आपल्यालाच बसतो.