कंपायलरची परीक्षा कशी घ्यायची?

कंपायलर आपला सी भाषेतला प्रोग्राम प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलतो आणि बदलता बदलता त्याला वेगवानही करतो. यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात. अट एकच, उत्तर बदलता कामा नये. नागपूरहून चंद्रपूरला निघालेली गाडी आपल्या जामच्या चौकात वरोऱ्याकडे वळली पाहिजे. नाही वळली तर कितीही जोरात पळवा, पोचणार हिंगणघाटलाच.

एक उदाहरण घेऊ. भागाकार प्रोसेसरला महाग पडतो. म्हणून ८ ने भागायचं असेल तर कंपायलर बिट्स तीन घरं उजवीकडे सरकवतो. ४० म्हणजे १०१०००. सरकवल्यावर उरले १०१, म्हणजे ५. बरोबर! पण -७ घ्या. सी मध्ये -७ भागिले ८ चं उत्तर ०, कारण अपूर्णांक शून्याच्या दिशेने कापला जातो. नुसतं सरकवलं तर मात्र -१ येतं. म्हणून संख्या ऋण असेल तर चांगला कंपायलर आधी ७ मिळवतो आणि मगच सरकवतो.

आता समजा, हे ७ मिळवायचं कोणी विसरलं. चाचणीत ४० दिलं तर पास. -८ दिलं तरी पास, कारण दोन्ही रीतींनी -१ च येतं! चूक पकडते ती -७. आकडा निवडणं हीच चाचणीतली खरी अक्कल आहे, बाकी टायपिंग.

आणखी एक गंमत बघा. चाचणीत थेट -७ / ८ लिहिलंत तर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो. तपासायची सूचना तयारच होत नाही. म्हणून संख्या फंक्शनला पॅरामीटर म्हणून द्यायची, आणि ते फंक्शन इनलाइन होऊ द्यायचं नाही. जीसीसीच्या चाचण्यांत त्यासाठी ‘नोआयपीए’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावलेलं दिसतं.

पण उत्तर बरोबर आलं म्हणजे ऑप्टिमायझेशन झालंच असं नाही. साध्या भागाकारानेही तेच उत्तर येतं. त्यासाठी असेम्ब्लीच वाचावी लागते. एलएलव्हीएममध्ये ‘फाइलचेक’ हे काम करतं: चाचणीच्या फाइलमध्येच कोणती सूचना दिसावी, कोणती दिसू नये, हे लिहून ठेवायचं. तिथे रजिस्टरचं नाव मात्र पक्कं लिहू नका. उद्या रजिस्टर बदललं की काही चूक नसताना चाचणी नापास.

माणसाला न सुचणाऱ्या चाचण्यांसाठी यूटा विद्यापीठात ‘सीस्मिथ’ तयार झालं. ते आपोआप सी प्रोग्राम लिहितं; वेगवेगळ्या कंपायलरची उत्तरं जुळली नाहीत की कोणीतरी चुकलंय. २०११ च्या शोधनिबंधानुसार त्यातून ३२५ हून अधिक चुका कळवल्या गेल्या. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरच्या आतली रचना शिकवण्याचं मोठं काम केलं आहे.

स्वाध्याय : १६ ने भागण्यासाठी अशी तीन ऋण संख्या शोधा, ज्यांपैकी दोन चूक पकडतील आणि एक पकडणार नाही.